काळी पाचवी आणि तिची भावंडं

कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी गावांत एक पाटी असते. संगमरवराची, चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेली, कडेने ऑइलपेंटचे दोन-तीन हात चढलेले. मजकूर सगळीकडे एकच. या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. सरकारने साचा ठरवून टाकला आणि गावागणिक दोन आकडे तेवढे बदलले. नावं नाहीत, पलटण नाही, कुठल्या मुलखात गेले तेही नाही. गावात विचारलं तर एखादं म्हातारं माणूस सांगतं, ‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते.’ त्यापुढे कुणालाच काही माहीत नसतं. आणि गंमत अशी की खुद्द बसऱ्याला जाऊन पाहिलं असतं तरी फार काही हाती लागलं नसतं. तिथल्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद, पण हिंदी पलटणींच्या रकान्यात अंमलदारांची नावं कोरलेली आणि त्याखाली ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’. तिथेही आकडाच. ही पाटी मला खुपते ती यामुळे. माणूस गेला, नाव गेलं, आकडा राहिला. आणि तो ज्या पलटणीत होता तिचीही ओळख त्या काळी आकड्यावरूनच होती.

घरात पदक उरलं असेल तर मात्र वाट सापडते. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल पदक बहुतेकांना मिळालं होतं, एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. लोक दोन्ही बाजू निरखतात आणि कड बघायची राहून जाते. खरी माहिती कडेवर असते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चिंच किंवा ब्रासो लावून घासू नये. कड आधीच झिजलेली असते आणि चकाकीच्या नादात उरलेली अक्षरंही जातात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून, भिंगाखाली पदक हळूहळू फिरवायचं. सावलीत अक्षर उठून दिसतं. नावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं, त्यामुळे आडनाव ओळखू आलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. पदक ब्राँझचं निघालं तर माणूस बहुधा शिपाई नव्हता, भिस्ती, खलाशी, खेचरवाला असा पलटणीमागे चालणारा होता. चांदीची पदकं दुष्काळात, लग्नकार्यात सोनाराकडे गेली. ब्राँझला किंमत नव्हती म्हणून ती टिकली.

कडेवर 103 दिसला, 105 दिसला, 110, 114, 116, 117 यांतला कुठलाही आकडा दिसला की समजावं, ही आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची माणसं. सहाही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या.

या आकड्यांचा घोळ मात्र समजून घ्यावा लागतो. ऑगस्ट 1768 मध्ये कंपनी सरकारने मुंबई बेटांच्या रक्षणासाठी मुंबई शिपायांची दुसरी बटालियन उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिसरी. 1824 च्या फेरनंबरात दुसरीची तिसरी झाली आणि तिसरीची पाचवी. 1903 साली सरसेनापती किचनेरने सगळ्या हिंदुस्थानच्या फौजेला एका माळेत ओवलं, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले. तिसरीची 103 झाली, पाचवीची 105. 1922 मध्ये पुन्हा मांडामांड. सहा पलटणींची मिळून एक रेजिमेंट केली आणि तिला नंबर दिला पाच. म्हणजे जी पूर्वी पाचवी होती ती आता पाचव्या रेजिमेंटची दुसरी, आणि 117 नंबरची पलटण झाली पाचवीची पाचवी. नव्या अंमलदाराची तारांबळ उडावी अशीच ही व्यवस्था. जवानांनी हा प्रश्न आपल्यापुरता कधीच सोडवून टाकला होता. लाल कोटाची कॉलर आणि कफ काळे, नंबर पाच, म्हणून ‘काळी पाचवी’. कोट गेला, काळे कफ गेले, पाच नंबर जाऊन 105 आला, 105 जाऊन दोन आला. आज कागदावर ती 2 मराठा लाइट इन्फंट्री आहे आणि बोलण्यात अजून काळी पाचवीच आहे. तिची थोरली बहीण, म्हणजे पहिली, ती जंगी पलटण.

काळ्या पाचवीचं नाव निघालं की काहून आलंच पाहिजे. बलुचिस्तानात मरी टोळ्यांच्या डोंगरात ही मातीच्या भिंतींची गढी. 1840 च्या मे महिन्यात कॅप्टन लुइस ब्राउन पाचव्या पलटणीची तुकडी घेऊन तिथे पोचला. रसद उतरवून मोकळे उंट परत न्यायला लेफ्टनंट क्लार्क निम्मी माणसं घेऊन निघाला. परतीच्या खिंडीत मरींनी त्याला गाठलं, क्लार्क पडला, त्याच्याबरोबरचे जवळपास सगळे कापले गेले, उंट गेले. गढीत उरले दीडशेच्या आतबाहेर शिपाई आणि एक तोफ. भिंतीचा घेर माणसांच्या मानाने फार मोठा, त्यामुळे पहारे बदलायलाही माणूस पुरेना. बाहेर गवत कापायला गेलं की गोळ्या, गुरं चरायला सोडली की लूट. दूषित पाण्याने आणि निकस अन्नाने अंगावरच्या जखमा चिघळायला लागल्या. ऑगस्टअखेर मेजर क्लिबर्न मोठा काफिला घेऊन सुटकेला आला. 31 तारखेला नफुस्कच्या खिंडीत, भर उन्हात, पाण्याचा थेंब नसताना त्याने चढाई केली. चढाई मोडली. लढाईनंतर पाणी शोधायला पाठवलेले बैल आणि माणसं शत्रूने गाठली, तोफा सोडून माघार घ्यावी लागली आणि तहानेने वाटेत माणसं पडत गेली. गढीतल्यांनी हे लांबून पाहिलं. तोफांचा आवाज ऐकला आणि नंतर तो थांबल्याचंही ऐकलं. तरी गढी आणखी चार आठवडे उभी राहिली. शेवटी मरींचा सरदार दोदा याच्याशी करार झाला आणि 28 सप्टेंबरला तुकडी हत्यारांसकट बाहेर पडली. एकुलती एक तोफ सोडून जायला ब्राउन तयार नव्हता. अर्धमेल्या शिपायांनी ती खिंडीतून ओढत मैदानापर्यंत आणली.

लढाई म्हणून पाहिलं तर यात जिंकलं काय? गढी तर सोडावीच लागली. पण पुढच्या वर्षी पलटणीला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला आणि काहूनचं नाव निशाणावर चढलं.

हा किताब म्हणजे नुसती शोभा नव्हती. बंदूक तोंडातून भरायच्या काळात पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत लढायचं. त्या रांगेच्या पुढे, जोडीजोडीने पांगून, आडोसा घेत जाणारे ते लाइट. जोडीतला एक बार काढणार, तेवढ्यात दुसरा बंदूक भरणार, म्हणजे एक नळी कायम भरलेली. माणसं इतकी पांगल्यावर सुभेदाराचा आवाज पोचत नाही आणि ढोलाचे ठोके डोंगरात घुमून एकमेकांत मिसळतात. म्हणून हुकूम बिगुलावर. मराठ्यांच्या बिल्ल्यात बिगुल आहे तो तिथून आला. पुढे धावून जायचं आणि धावत परत रांगेत यायचं, म्हणून चालही जलद. साधारण पायदळ मिनिटाला 120 पावलं टाकतं, लाइट इन्फंट्री 140.

वीस पावलांचा फरक बघणाऱ्याला नुसता झोकदार वाटतो. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये नव्या रंगरुटाला तो पिंढरीत कळतो. पहिली चूक ठरलेली. जोरात चाल म्हटलं की पोरगं पाऊल लांब टाकतं. पाऊल 30 इंचांचंच राहिलं पाहिजे, वाढवायचे ते ठोके. पाऊल लांबलं की मागच्याच्या बुटाचं टोक पुढच्याच्या टाचेवर चढतं, ओळ दाबली जाते, फुटते, मग कुणीतरी कदम बदलतो आणि ते लोण शेवटच्या फाइलपर्यंत जातं. दुसरी चूक, अंग पुढे झुकवणं. धावायची सवय असलेल्या गावाकडच्या पोरांची ही खास. तिसरी हातांची. एवढ्या वेगात हात खांद्यापर्यंत नेला तर तो परत येईतो पुढचं पाऊल पडून गेलेलं असतं. उस्तादाच्या हातात पेस स्टिक असते, दोन पायांची काठी. उघडली की टोकांत बरोबर 30 इंच. मैदानावर खुणा करून त्या खुणांवर आधी संथ चालवतात, मग ढोलाचा ठोका चढवत नेतात. ‘तेज चल’ हा हुकूम हिंदी, पण चुकल्यावर मिळणारा प्रसाद अस्सल मराठी. बटालियनमध्ये गेल्यावर हीच चाल आठशे माणसांत मिसळते, चार रायफल कंपन्या, सपोर्ट कंपनी, हेडक्वार्टर कंपनी. सुभेदार मेजर साहेबाला नुसत्या बुटांच्या आवाजावरून कळतं, कुठल्या कंपनीचा कदम ढिला आहे.

पण एक गोष्ट रेजिमेंटच्या दिमाखात मागे पडते आणि ती पडू देऊ नये असं मला वाटतं. काहूनच्या गढीत जे होते ते सगळे मराठे नव्हते. त्या वेळच्या मुंबई फौजेत जातवार कंपन्या नव्हत्या. मराठा, महार, उत्तरेकडचा परदेशी, दख्खनी मुसलमान, कोकणातले बेने इस्रायल ज्यू असे सगळे एकाच ओळीत उभे राहत. मुंबईच्या अंमलदारांना त्याचा अभिमानही होता. पुढे ‘लढाऊ जमाती’चं खूळ शिरलं, पलटणी जातवार लावायला सुरुवात झाली, आणि 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरतीच बंद केली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या त्यांना एका हुकमाने बाहेर ठेवलं. 1903 साली पलटणीच्या नावात ‘मराठा’ शब्द आला तो या छाटणीनंतर. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा 1917 मध्ये 111 नंबरची महार पलटण काढली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली. अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तीही बेळगावातच. काहूनचा वारसा कुणाचा असा वाद घालायची मला हौस नाही. पण तो एकट्या कुणाचा नाही एवढं म्हटलं पाहिजे.

तसंच शिवरायांच्या नावाचं. मुंबईच्या वखारीचं रक्षण करायला 1768 मध्ये जी पलटण उभी राहिली, तिच्या धन्याच्या डोळ्यांपुढे धोका म्हणून होते ते शेजारचे मराठेच. आणि 1941 साली पूर्व आफ्रिकेत, इटालियनांशी लढताना, त्याच परंपरेतल्या शिपायांच्या तोंडी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी आली आणि रेजिमेंटची झाली. आज रेजिमेंटचा मराठा दिन 4 फेब्रुवारीला असतो, 1670 मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या तारखेचा. कंपनीच्या नोकरीत सुरू झालेल्या पलटणीने आपला वाढदिवस स्वतःच्या जन्माच्या सुमारे शंभर वर्षं आधीच्या रात्रीला बांधून घेतला. कुणी याला विसंगती म्हणेल. मला ती निवड वाटते, आणि समजून केलेली. स्वातंत्र्यानंतर लष्करानेही अशीच एक निवड केली. देशातल्याच सत्तांविरुद्ध लढून मिळवलेले रणसन्मान निशाणावरून उतरवले. जंगी पलटणीच्या जुन्या यादीत श्रीरंगपट्टण होतं, मुलतान होतं. इतिहासाच्या पुस्तकात ती लढाई राहिली, निशाणावर तिचा सण होत नाही.

आणि मग कुत-अल-अमारा. त्या पाटीवरच्या आकड्यांपैकी बरेच इथले असणार. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या, 103, 110 आणि 117. बगदादच्या दिशेने धाव घेतलेली ही डिव्हिजन बगदादजवळच्या टेसिफोनवरून मागे फिरली आणि टायग्रिसच्या वळणात कुत गावी अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. गोळ्यांपेक्षा भुकेने जास्त पोखरलं. घोडे, खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी खाल्लं, हिंदी शिपायांनी नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवली, ती आलीही, तरी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत तोंडाला लावलं नाही. याला अडाणीपणा म्हणणारे इंग्रज अंमलदार होते. पण शिपायाचा हिशोब साधा होता. संमती देणारा गुरू गावात येऊन राहणार नव्हता, वाळीत टाकणारी भावकी तिथेच असणार होती आणि पोरीचं लग्न तिथेच ठरायचं होतं. पिठाचं माप उतरत उतरत शेवटी दिवसाला पाच औंसांच्या आसपास आलं, म्हणजे साधारण 140 ग्रॅम, दोन-तीन भाकऱ्या. भाजीपाला नाही म्हणून हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही झाला. माणसं नदीकाठचा दिसेल तो पाला खुडून शिजवू लागली आणि त्यातला काही विषारी निघाला. शेवटी विमानांखाली पोती बांधून पीठ टाकायचा प्रयत्न झाला. दळायला जातं नाही म्हणून एकदा जात्याचा दगडसुद्धा आभाळातून टाकला. बरीच पोती नदीत पडली. विमानं ओझ्याने डुगडुगत, सोडायचा क्षण थोडा चुकला की संपलं. रसद घेऊन निघालेली ‘जुल्नार’ बोट वाटेतच अडकली. 29 एप्रिलला सुमारे तेरा हजारांनी शस्त्रं ठेवली. त्यातल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून हाकत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि वाटेत किती पडले ते गावोगावच्या पाट्याच सांगोत.

तीन पलटणी अशा संपूर्ण शत्रूच्या हाती गेल्यावर संपायला हव्या होत्या. संपल्या नाहीत, कारण पलटण कधीच सगळीच्या सगळी आघाडीवर नसते. मागे डेपो असतो. त्यात रजेवर आलेले, जखमी होऊन आधीच परत पाठवलेले, नवे रंगरूट, दोन-चार जुने हवालदार. त्यांच्याभोवती नवी भरती उभी करतात, दप्तर तेच, नंबर तोच, लंगरातले किस्से तेच. 103 आणि 110 दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या. 117 ला पुढे ‘रॉयल’ किताब मिळाला. आणि ‘कुत-अल-अमाराचा बचाव’ हा रणसन्मान म्हणून दिला गेला. शरणागतीत संपलेली लढाई निशाणावर, काहूनसारखीच.

1922 मध्ये 103 झाली पहिली आणि 110 झाली तिसरी. तिसरीने पुढे छत्री धरली. 1948 मध्ये काश्मीरच्या युद्धात झांगर परत घेताना ती पॅराशूट मराठा पलटण होती, आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन 2 पॅरा झाली. हिरव्या बेरे टोपीऐवजी मरून रंगाची आली. पुढे बराच काळ नावामागे कंसात ‘मराठा’ लिहीत.

डिसेंबर 1971, बांगलादेशचं युद्ध. जंगी पलटण लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रारच्या हाताखाली ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन बसली. आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण. ब्रारचे वरिष्ठ ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या हाती शरण येण्याचं पत्र पाठवलं. 31 बलुचचा कर्नल सुलतान अहमद याने उत्तराच्या कागदात 7.62 ची चिनी गोळी गुंडाळून पाठवली, लेखणी छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा अशा अर्थाचं. उत्तर झकास होतं, मानलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी रात्री त्याची माणसं अंधारात ढाक्याच्या रस्त्याने फुटून निघाली आणि मराठ्यांच्या मशिनगनसमोर आली. गोळीबार लवकर सुरू केला असता तर पुढचे पडले असते आणि मागचे पांगले असते, म्हणून काफिला पुरता आत येऊ दिला. 11 तारखेला जमालपूर पडलं. त्याच दुपारी सत्तर-ऐंशी किलोमीटर दक्षिणेला टांगाइलजवळ 2 पॅरा उतरली, लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायला. थोडं सामान तळ्यांत पडलं, काही जवान भलत्याच शेतात उतरले, गावकऱ्यांनी छत्र्या गोळा करायला मदत केली. एका बटालियनची उडी झाली होती, जगभरच्या बातम्यांत तिची ब्रिगेड झाली, आणि ती अफवा ढाक्यात कामाला आली. दुसऱ्या दिवशी, 12 तारखेला, उत्तरेकडून येणारी जंगी पलटण पुंगली पुलावर 2 पॅराला मिळाली.

103 आणि 110. कुतमध्ये एकत्र उपाशी राहिलेल्या, एकत्र कैदेत गेलेल्या. मधे पंचावन्न वर्षं गेली होती. तिथे भेटलेल्या जवानांना त्या घटकेला हे आठवलं असेल असं मी म्हणत नाही. पुलावर पहारा होता, मागून माघार घेणारी पाकिस्तानी तुकडी अजून चाचपडत होती, ढाका पुढे होतं. जंगी पलटणीला ‘जमालपूर’ मिळालं, 2 पॅराला ‘पुंगली पूल’, आणि दोघींच्या जुन्या यादीत ‘कुत’ समाईक राहिलं.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनांची यादी आज कुणी वाचली तर ती पहिलीपासून सुरू होते, मग दुसरी, म्हणजे काळी पाचवी, आणि मग थेट चौथी. पुढे कितीतरी नव्या बटालियन उभ्या राहिल्या, पण तीन नंबर पुन्हा कुणाला दिलेला नाही.